६१ जीबीची लॉग फाइल उडवली तरी डिस्क १०० टक्केच! आणि फोल्डरला मर्यादा कशी घालतात?

पहाटेचा_पेजर:
मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण घटना एकच, म्हणून एकाच धाग्यात विचारतेय.

लिनक्स सर्व्हर, २०० जीबीचं एकच पार्टिशन, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमचं (डिस्कवर फायली मांडायची पद्धत). डेटाबेस, लॉग, लोकांनी अपलोड केलेल्या फायली, सगळं त्यावरच. काल पहाटे तीनला डेटाबेसने लिहिणं बंद केलं. 'डीएफ -एच' (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) पाहिलं तर १०० टक्के. ॲप्लिकेशनची एकच लॉग फाइल (कामकाजाच्या नोंदींची) ६१ जीबीची सापडली, ती 'आरएम' कमांडने उडवली. पुन्हा डीएफ: १०० टक्के. 'डीयू'ची (फायलींचे आकार मोजणारी कमांड) बेरीज मात्र १२९ जीबी. अर्धा तास मी या दोन आकड्यांकडे बघत बसले होते. शेवटी रीबूट केल्यावर जागा मोकळी झाली.

१) ते ६१ जीबी होते कुठे?
२) अपलोडचा फोल्डर ८० जीबीच्या वर जाऊच नये, असं बांधता येतं का? त्याच्यापायी डेटाबेस पुन्हा बंद पडलेला मला चालणार नाही.

तारेवरचा_पक्षी:
दुसऱ्याचं सोपं उत्तर: एलव्हीएमवर (डिस्कचे हवे तसे भाग पाडायची लिनक्सची सोय) ८० जीबीचं वेगळं व्हॉल्यूम, म्हणजे वेगळा भाग काढा आणि अपलोडच्या फोल्डरच्या जागी तो माउंट करा, म्हणजे जोडा. भरलं तर तेवढंच भरेल.

आयनोड_मोजणारा:
आधी हिशेब. डीयू १२९, उडवलेली फाइल ६१, झाले १९०. उरलेले १० कुठे? ईएक्सटी४ मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य ॲडमिन खात्यासाठी) राखून ठेवतं. २००चे ५ टक्के १०. जुळलं. डेटाबेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याच्यापुरती डिस्क १९०लाच संपली.

'आरएम' फक्त नाव पुसतं. ॲप्लिकेशनने ती फाइल उघडी धरली होती, म्हणून तिची जागा सुटली नाही. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती दिसत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं. अशा वेळी 'एलएसओएफ +एल१' चालवा, नाव गेलेल्या पण उघड्या फायली प्रोसेससकट दिसतात. मग ती एकच सर्व्हिस रीस्टार्ट केली की पुरे, सर्व्हर रीबूट करायची गरज नव्हती. पुढच्या वेळी चालू लॉग उडवू नका, 'ट्रंकेट -एस ०'ने जागेवरच रिकामी करा. आणि लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप बाजूला काढून पुसणारं साधन) लावाच, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीनला उठाल.

मर्यादेसाठी नेमकी सोय म्हणजे प्रोजेक्ट कोटा (कोटा म्हणजे जागेची ठरवून दिलेली मर्यादा). युजर कोटा फाइलच्या मालकावर चालतो, हा फोल्डरवर. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये तो मुरलेला आहे. ईएक्सटी४मध्ये कर्नल ४.५पासून आला, पण चालू करायला पार्टिशन अनमाउंट करावं लागतं. तुमची तर रूट फाइलसिस्टिम, म्हणजे खुद्द सिस्टिमच तिथे आहे, ती चालू असताना अनमाउंट होत नाही. म्हणून मी म्हणेन, वरच्यांनी सुचवल्याप्रमाणे वेगळं व्हॉल्यूम घ्या, पण त्यावर एक्सएफएस टाका, 'पीकोटा' ऑप्शनने माउंट करा आणि आतल्या फोल्डरला ८० जीबीची हार्ड लिमिट (ओलांडताच येत नाही अशी मर्यादा) द्या. उद्या दुसरा फोल्डर आला तर त्याला त्याच व्हॉल्यूमवर वेगळी मर्यादा देता येते, आणि वाढवायची तर एका कमांडचं काम. एक्सएफएस व्हॉल्यूम लहान करणं फार अवघड, कोटा मात्र कधीही कमी-जास्त करता येतो.

एक लक्षात ठेवा: अशा फोल्डरमध्ये बाहेरून 'एमव्ही' (फाइल हलवायची कमांड) केलं की आत खरी कॉपी होते. मोठ्या फायलींना वेळ लागेल.

आणि 'डीएफ -आय' पाहिलंत का? त्यात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद, किती वापरले ते दिसतं. नसेल तर आत्ता पाहा, इथे टाका.

पहाटेचा_पेजर:
पाहिलं. आयनोड ८७ टक्के वापरलेत! सेशनच्या (वापरकर्त्यांच्या भेटींच्या तात्पुरत्या फायली) फोल्डरमध्ये यादी पाहायला 'एलएस' केलं तर टर्मिनल गप्पच. 'आरएम *'ला 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. फोल्डरचा स्वतःचाच आकार ४०० एमबीच्या पुढे दिसतोय. हे काय आहे?

आयनोड_मोजणारा:
हेच तुमचं पुढचं संकट होतं. ईएक्सटी४ फॉरमॅट करतानाच आयनोड ठरवून टाकतं, साधारण १६ केबीमागे एक. २०० जीबीला सुमारे १ कोटी ३१ लाख. ते संपले की जागा शिल्लक असूनही एक नवी फाइल बनत नाही, आणि संदेश तोच, 'नो स्पेस लेफ्ट'. माणूस जीबी शोधत बसतो.

'एलएस' नावं क्रमाने लावायला सगळी आधी मेमरीत घेतं, म्हणून अडकतं. 'एलएस -एफ' (लहान लिपीतला एफ, क्रम न लावता) लगेच सुरू होईल. पुसायला 'फाइंड' वापरा, आठवड्याहून जुन्या फायली पुसणारं: 'फाइंड . -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट'. आधी '-डिलीट' न लावता चालवून यादी डोळ्यांखालून घाला, हे मी कळकळीने सांगतोय. 'आयओनाइस -सी३' (डिस्क वापरताना या कामाला सगळ्यांच्या मागे ठेवणारं) लावलंत तर बरं, डेटाबेसला त्रास कमी होतो.

पुसल्यावरही तो ४०० एमबीचा आकार कमी होणार नाही, ईएक्सटी४मध्ये डिरेक्टरी आकसत नाही. नवा फोल्डर करून उरलेल्या फायली तिकडे हलवा, जुना काढून टाका.

पहाटेचा_पेजर:
फाइंड चार तास चाललं. आयनोड ८७वरून १९ टक्क्यांवर. सेशन पुसण्याचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मागच्या अपग्रेडमध्ये बंद पडला होता, तो पुन्हा चालू केला. नवा फोल्डर केला, 'एलएस' आता पटकन येतं. अपलोडसाठी एक्सएफएसचं व्हॉल्यूम शनिवारी करतेय. आधी १ जीबीची मर्यादा लावून मुद्दाम भरून पाहणार आहे, ॲप्लिकेशन नीट एरर देतंय की अर्धवट फाइल ठेवतंय ते बघायला. निकाल इथेच लिहीन.