आयएसओ आणि नॉइज : दोष नेमका कोणाचा?
आयएसओ (फोटो किती उजळ नोंदवायचा हे ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) वाढवला की फोटोत नॉइज म्हणजे दाणेदारपणा येतो, म्हणून तो कायम १०० वरच ठेवावा, असा एक सल्ला दिला जातो. निरीक्षण बरोबर असले तरी कारण निराळे आहे. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडणारा प्रकाश बदलत नाही, फक्त मिळालेला सिग्नल वाढवून दाखवला जातो. नॉइज मुख्यतः अपुऱ्या प्रकाशातून येतो: एखाद्या पिक्सेलवर १०,००० प्रकाशकण नोंदले गेले, तर त्यांतला स्वाभाविक चढउतार साधारण १०० म्हणजे १ टक्का असतो, पण १०० च नोंदले गेले तर तो १० म्हणजे तब्बल १० टक्के होतो.

एका देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात मी ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र) आणि शटरचा वेग तोच ठेवून एक फोटो आयएसओ ४०० वर आणि दुसरा ३२०० वर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढला होता. घरी पहिला तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट) उजळल्यावर त्याच्या सावल्यांत नॉइज उलट जास्तच दिसला, माझा कॅमेरा जुना असल्यामुळेही असेल. मात्र ३२०० च्या फोटोत समईच्या ज्योतीचा तपशील पूर्ण पांढरा होऊन गेला होता. आयएसओ वाढवण्याची खरी किंमत ही आहे, आणि त्या सल्ल्यात तिचा विचारच नाही.