विषय: नर्मदेकाठी चालायला घड्याळ, हँडहेल्ड की नुसता फोन?

राजेंद्रनगरचा धाकटा, लीड्सहून

नमस्कार मंडळी,

दिवाळी फराळाच्या ऑर्डरींच्या मेलांमधे हे मधेच घुसवतोय, रागावू नका. डिसेंबरात तीन आठवडे इंदूरला येतोय आणि बाबांबरोबर ओंकारेश्वरपासून बडवानीपर्यंत दक्षिण तटानं चालायचं ठरलंय. खंड परिक्रमाच म्हणा, पूर्ण करायला माझ्याकडे रजा नाही आणि बाबांकडे गुडघे नाहीत. बाबांचं म्हणणं, मैया रस्ता दाखवते, त्यात मशीन कशाला. आईचं म्हणणं, मैया दाखवेलच हो, पण तुम्ही दोघं गप्पांच्या नादात बघणार आहात का, तेव्हा काहीतरी घेऊन जा नाहीतर जाऊच नका.

इकडे मी बऱ्याच रविवारी डोंगरात जातो पण इकडची गोष्टच वेगळी, इथल्या सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा नकाशा फोनमधे असतो, त्यात पायवाटा हिरव्या तुटक रेषेनं काढलेल्या, शेताचं कुंपणसुद्धा दाखवलेलं, वर फाट्यावर लाकडी पाटी. निमाडात असलं काही नसणार हे माहितीय. तर फोन पुरेल का, जीपीएसचं घड्याळ घेऊ, की ते बटणांचं हातात धरायचं मशीन असतं ते? तिन्हीच्या जाहिराती वाचून वाचून डोकं फिरलंय, प्रत्येकजण म्हणतो आमच्याशिवाय तुम्ही मेलातच.

न्यू जर्सीहून, स्नेहलतागंजचा दादा

अरे सोप्पंय, सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं हँडहेल्ड घे, इनरीचवालं. मी रॉकीजमधे नेलं होतं, नेटवर्क शून्य, तरी रोज रात्री घरी "पोचलो" जायचं. एसओएसचं बटण आहे. काकूंचं पण समाधान. पैशाकडे बघू नकोस.

रामबागचे काका

थांबा थांबा थांबा. दादा, तुझं रॉकीजमधे बरोबर असेल पण पोराला इंदूरऐवजी विमानतळाच्या पोलीस चौकीत पाठवशील. सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारं कुठलंही यंत्र भारतात सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाही, १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांच्याखाली परदेशी पाहुण्यांना याच कारणासाठी विमानतळांवर अडवलंय, अटक झालीय. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवाससूचनेत हे लिहिलेलं आहे, धाकट्या, तू तिकडेच आहेस तर वाच. गार्मिनच्या हँडहेल्डमधे नावाच्या शेवटी 'आय' असलेली मॉडेलं, ६६आय, ६७आय, ही सगळी त्यात आली. साधं जीपीएस वेगळं, ते फक्त आकाशातून ऐकतं, पाठवत काही नाही. फोन, घड्याळ, साधं ईट्रेक्स (गार्मिनचंच बटणांचं हँडहेल्ड), यांचं जीपीएस असंच.

आता मुद्द्याचं. मी पाटबंधारे खात्यात सर्व्हेवर आयुष्य काढलं, २००० च्या मे महिन्यात अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली तेव्हापासून ही मशीनं वापरतोय. आधी शंभर मीटर इकडेतिकडे दाखवायचं, एका रात्रीत सुधारलं, आम्ही ऑफिसात पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. तर माझ्याकडे ईट्रेक्स आहे, दोन पेन्सिल सेलवर चालतं, कंपनी पंचवीस तास सांगते. पाऊस, धूळ, ओले हात, काही फरक पडत नाही, बटणं आहेत. सेल संपले तर टपरीवर मिळतात. पण टपरीवर जे मिळतात ते बहुतेक साधे झिंक-कार्बनचे, घड्याळात घालायचे, त्याच्यावर पंचवीस तासांचं स्वप्न बघू नये. इंदूरहून अल्कलाइनचे घेऊन जायचे.

तोटा काय, स्क्रीन जेमतेम माचिसच्या डबीएवढी. आणि आत जे टाकाल तेच बाहेर येणार. हे मी अक्कलखाती शिकलोय ते सांगतो. ओंकारेश्वरच्या अलीकडे एका आश्रमात मित्र थांबलेला होता, त्यानं फोनवरून जागा सांगितली, अक्षांश २२.२४ वगैरे. मी मोठ्या ऐटीत मशीनमधे २२ अंश २४ मिनिटं टाकलं. ते मशीन मुळात अंश आणि मिनिटंच विचारतं ना. मोरटक्क्याला उभा राहून बघतोय तर बाण पाठीमागे, नदीपलीकडे, बडवाहच्या वरच्या जंगलाकडे! मी म्हटलं मित्र वाघ बघायला गेला की काय. बरोबरचे सगळे माझ्याकडे साहेब म्हणून बघताहेत आणि साहेब मशीनला थोबाडीत मारल्यासारखं करताहेत. अरे २२.२४ अंश म्हणजे २२ अंश १४.४ मिनिटं. एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे नुसत्या अक्षांशातच जवळजवळ अठरा किलोमीटरची थाप. तेव्हापासून जे काही यंत्र हातात येईल ते पहिल्यांदा दशांश अंशावर करून घेतो, फोनवर पण तेच, म्हणजे दोघं एक भाषा बोलतात.

आणखी एक. यंत्र लीड्सहून थेट इथे आणून चालू केलंस की उपग्रह सापडायला वेळ लागेल, त्याच्या डोक्यात अजून यॉर्कशायरचं आकाश असणार. मोकळ्या गच्चीत ठेवून चहा घ्यायचा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, फोन ते नेटवर्कवरून मागवतो म्हणून तो लगेच सुरू झाल्यासारखा वाटतो.

सुदामानगरची ताई

काकांनी हँडहेल्डची वकिली केलीय तर घड्याळाची मी करते. मागच्या जानेवारीत आम्ही तिघी मैत्रिणी याच टापूत चाललो, ओंकारेश्वर ते महेश्वरसमोरचं नावडातोडी. माझ्या हातात गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ होतं, त्यात नकाशा नाही, नुसती एक रेघ. आधी जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेल्या वाटेची फाइल, टाकायची, मग रेघेवर एक त्रिकोण सरकतो, भरकटलं की मनगटाला गुरगुर करतं. कंपनीच्या हिशोबानं जीपीएसवर तीस तास, आम्ही रोज सातेक तास चालायचो, चौथ्या रात्री चार्ज केलं. झोळीतून फोन काढा, चश्मा काढा, उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून पदराआड धरा, यातलं काही नाही. नाले उतरताना हात मोकळे राहिले ही मोठी गोष्ट, दक्षिण तटाला बेदा, कुंदी आणि कितीतरी बिननावाचे ओढे आहेत.

पण एक चूक माझी. चार्जिंगची केबल त्या घड्याळाचीच असते, दुसरी चालत नाही, ती मी एका आश्रमात बोर्डाला लावून तशीच विसरले. बोर्ड एक, प्लग दोन आणि पंधरा परिक्रमावासींचे फोन, सकाळी अंधारात ज्यानं त्यानं आपापलं उपटून घेतलं. पुढचे दोन दिवस घड्याळ म्हणजे नुसता काळा दागिना. तर दोन केबली, एक तुझ्याकडे, एक बाबांकडे.

आणि स्वस्तातलं "जीपीएस घड्याळ" घेशील तर डब्यावर बारीक अक्षरात बघ, कनेक्टेड जीपीएस लिहिलंय का. म्हणजे त्याला स्वतःचं जीपीएस नाहीच, फोनचं उधार घेतं. माझ्या भाचीनं तसलं घेतलं, फोन घरी ठेवून रालामंडलला गेली आणि घड्याळानं सांगितलं तुम्ही चाललातच नाही.

राजेंद्रनगरचा धाकटा

काका, इनरीचचं वाचलं, खरंच लिहिलंय. दादाचं उधार घ्यायच्या बेतात होतो, वाचवलंत.

ताई, तुमचं ऐकून घड्याळाकडे झुकलोय. पण काल रात्री सहज म्हणून फोनमधल्या रोजच्या ॲपमधे ओंकारेश्वर ते महेश्वर टाकून बघितलं, पायी. तर त्यानं मस्तपैकी मोरटक्क्याच्या पुलावरून पलीकडे नेलं, बडवाह, आणि उत्तर तटानं पुढे. बाबांना दाखवलं व्हिडिओ कॉलवर. बाबा पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, हे तुझं मशीन आमची परिक्रमा खंडित करणार.

रामबागचे काका

हाहा. बाबांना माझा नमस्कार सांग, त्यांचं शंभर टक्के बरोबर. हाच तर खरा मुद्दा आहे आणि तो कुठल्या जाहिरातीत नसणार. रस्ता शोधून देणाऱ्या ॲपला एकच अक्कल, जवळचा रस्ता. परिक्रमेत मैया उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, समुद्राजवळ नावेतून जाईपर्यंत. उपनद्या ओलांडा, नाले ओलांडा, नर्मदा नाही. हे यंत्राला कुठे सांगणार? तिथे पूल म्हणजे सोय नाही, पाप आहे. म्हणून या चालण्याला हुशार यंत्रापेक्षा मठ्ठ यंत्र बरं. ताईचं रेघवालं घड्याळ यात बसतं, माझं ईट्रेक्स पण बसतं, आणि फोन घ्यायचाच तर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड घ्यायचं, मध्यप्रदेशचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवायचा, दक्षिण तटाची जीपीएक्स टाकायची आणि "रस्ता शोधा" या बटणाला हातच लावायचा नाही. गूगलचा नकाशा ऑफलाइन उतरवलास तरी पायी जायचा रस्ता तो नेटवर्कशिवाय देत नाही, गाडीचा देतो, तो बिलकुल नको.

फोन दिवसभर एअरप्लेन मोडवर ठेव, जीपीएस त्यात चालतं, बॅटरी खातो तो गावागावात टॉवर शोधण्याचा उद्योग. दुपारी जेवताना आणि संध्याकाळी मुक्कामाला पाच मिनिटं चालू करायचा, आईला दशांश अंशात जागा एसएमएस करायची. वॉट्सॅप जात नसेल तिथे पण एसएमएस कधीकधी जातो.

आता कागदाचं बोलू का, हसू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशात दर २० मीटरला उंचीची रेघ असते. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, २०१९ मधे पहिल्यांदा तिथवर भरलं. म्हणजे १४० ची रेघ लाल पेननं गिरवली की बडवानीकडे पाणी कुठवर चढतं ते साधारण समजतं. जुन्या पायवाटा, जुने घाट, राजघाट, सगळं त्याच्या आत. डिसेंबरात पाणी अजून बऱ्यापैकी वर असतं. परिक्रमावासींनी टाकलेल्या २०१९ च्या आधीच्या जीपीएक्स फाइली इंटरनेटवर फिरताहेत, त्या सरळ पाण्यातून जातात, घड्याळ बिचारं गुरगुरत बसेल आणि तुम्ही काठावर. अशा ठिकाणी दोनतीन किलोमीटर आत, शेतातून, गावातून वळसा घ्यावा लागतो आणि नदी दिसेनाशी होते, खरी गरज यंत्राची तिथे. बाकी वेळ नदी दिसतेच की.

नकाशा माझ्याकडे आहे, रेघ मारून ठेवतो. ईट्रेक्स पण घेऊन जा, मला आता कुठे जायचंय, फक्त दशांशावरून हलवू नका.

सुदामानगरची ताई

काका, १४० च्या रेघेची आयडिया भारी आहे, आम्हाला का नाही सांगितलीत? आम्ही एका ठिकाणी रेघ पाण्यात जाते म्हणून अर्धा तास उभ्या होतो, शेवटी एका म्हाताऱ्या बाबानं काठीनं दाखवलं, इकडून या बाई.

धाकट्या, ती जागा दुरुस्त करून माझी जीपीएक्स पाठवते, नावडातोडीपर्यंत तरी पाण्यात जात नाही. घड्याळ नवीन घ्यायचं असेल तर घे, पण आठ-दहा दिवसांसाठी एवढे पैसे नको घालू असं माझं मत, काकांचं मशीन फुकट मिळतंय.

न्यू जर्सीहून, स्नेहलतागंजचा दादा

मी माघार घेतो. काका, १४० ची रेघ मारलेल्या नकाशाचा फोटो इकडे पण टाका ना.

राजेंद्रनगरचा धाकटा

ठरलं. घड्याळ नाही घेत. फोनमधे ऑर्गॅनिक मॅप्स आणि ताईंची फाइल, काकांचं ईट्रेक्स बाबांच्या गळ्यात, काकांचा नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत. पॉवर बँक १०,००० ची, ती विमानात हातातल्या बॅगेत. काका, बावीस तारखेला पोचतो, तेवीसला रामबागेत येऊ का, सकाळी?

राजेंद्रनगर, इंदूर

धाकट्या, या लिस्टवर मी पण आहे हे तू विसरलास. गुडघ्यांचं वाचलं.

काकासाहेब, नमस्कार. तेवीसला याचं विमान उतरल्यावरची झोप झालेली नसणार, चोवीसला नऊनंतर येऊ, पोहे मी घेऊन येतो, जिलबी तुमच्याकडे. नकाशा मला समजावून सांगा, याला नको, हा परत पुलावरून नेईल. सेल किती लागतील? मी आठ आणून ठेवलेत, अल्कलाइन, दुकानदार घड्याळाचे देत होता, परत केले.