विहारांच्या वाटा आणि वाटेवरचे पाणी : आपले अनुभव लिहा

कोपरीकर

उद्या सकाळपासून चोवीस तास पाणी येणार नसल्याची सूचना आज आमच्या सोसायटीच्या फलकावर लागली, आणि घरोघरी पिंपे, बादल्या, पातेली भरण्याची जी धांदल उडाली तिच्यात मला एकाएकी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील पाण्याची टाकी आठवली. लहानपणी वडील आम्हा भावंडांना तेथे नेत असत. इतर मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यापाशी, ओसरीतील त्या उंच बुद्धमूर्तींसमोर थांबत, आणि वडील मात्र आम्हाला वरच्या टप्प्यावरील छोट्या विहारांकडे, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यांकडे घेऊन जात, कारण त्यांना तेथील पाण्याची व्यवस्था दाखवायची असे. विहाराच्या दारावरच्या कातळात कोरलेली जेमतेम दोन बोटे रुंदीची पन्हळ, तिच्यातून उतरणारे पावसाचे पाणी, अंगणाच्या कडेला खोदलेले टाके आणि त्याच्या चौकोनी तोंडाभोवतीची खाच, जिच्यात एके काळी झाकण बसत असावे, हे सारे ते बोट ठेवून दाखवीत. शंभराहून अधिक लेण्यांचा तो डोंगर पावसाळ्यात जे पाणी साठवी त्यावर भिक्षुसंघाचा उन्हाळा निघत असे. एका टाक्याच्या दानलेखात कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचा उल्लेख आहे. मूर्ती नव्हे, चैत्य नव्हे, चक्क पाण्याचे टाके दान करणारा हा आपल्या शेजारच्या गावचा माणूस मला फार जवळचा वाटतो.

लेण्यांच्या शिल्पांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मला वाटा हव्या आहेत, झाडी हवी आहे आणि पाणी हवे आहे. ठाणे किंवा नवी मुंबईहून सकाळी निघून दिवेलागणीपर्यंत घरी परतता येईल अशा जुन्या विहारांच्या वाटांवर आपण काय पाहिले, ते लिहावे.

कळव्याची माहेरवाशीण

कोंडाणे. दुसरे नाव सुचतच नाही. ठाण्याहून कर्जतची लोकल, स्थानकाबाहेरून कोंदिवड्याची टमटम, आणि गाव मागे पडले की उल्हास नदीच्या खोऱ्यातून चढत जाणारी रानवाट. श्रावणात गेलात तर वाट ओढ्यातून आहे की ओढा वाटेतून आहे, असा प्रश्न पडतो. ऐन, कुडा, जांभूळ यांची दाट झाडी असल्यामुळे लेणी शेवटपर्यंत दिसत नाहीत. आधी पाण्याचा आवाज येतो, मग कड्यावरून खाली येणारा धबधब्याचा पडदा दिसतो, आणि त्याच्या आड चैत्यगृहाची कमान हळूहळू उलगडते. ख्रिस्तपूर्व काळातले हे काम आहे. लाकडी घराचे वासे, सज्जे, जाळ्या जशाच्या तशा दगडात उतरवण्याची त्या कारागिरांची हौस पाहिली की त्यांच्या हाताला अजून लाकडाचीच सवय होती, हे लक्षात येते. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका मोठ्या पण भग्न मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. इतक्या मोठ्या कामावर एवढीच सही!

चैत्याशेजारच्या विहारात आमच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर पाणी कोसळत होते. त्या म्हणाल्या, "मला येथे चार महिने बसायला सांगितले तर मी एका शब्दाने नाही म्हणणार नाही, फक्त चहाची सोय करा." भिक्षूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एकाच जागी मुक्काम करण्याची रीत, इतक्या थोडक्यात मला आजवर कोणी समजावून सांगितला नव्हता.

पारसिकचा वारा

कोपरीकर काका, सामिदत्ताच्या कल्याणात आज टँकर कोणत्या दिवशी येतो हे एकदा त्याला कोणीतरी कळवायला हवे. माहेरवाशीणताईंच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा, आणि त्यांना पुढे राजमाचीच्या किल्ल्यावरही न्यावे. कोंडाण्याहून वर चढणारी वाट खडी आहे, परंतु वरच्या उधेवाडी गावाजवळ गोधनेश्वराच्या मंदिरापाशी गोमुखातून येणारे पाणी ओंजळीत घेतले की चढ विसरायला होतो.

कळव्याची माहेरवाशीण

सासूबाईंचे गुडघे आणि राजमाचीचा चढ यांची गाठ घालून देण्याची जबाबदारी आपण घेणार असाल तर आम्ही तयार आहोत.

निवृत्त भूगोल

वरील दोन्ही अनुभवांमागे एकच खडकशास्त्र आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाचे थर. काही थर घट्ट असतात, तर काहींमध्ये भेगा आणि बारीक पोकळ्या असतात, आणि दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटेच्या रंगाचा चिकणमातीसारखा पट्टा आढळतो. पठारावर पडलेला पाऊस भेगांतून खाली झिरपतो, या तांबड्या पट्ट्यापाशी अडतो आणि कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर येतो. जेथे पाणी बाहेर येते तेथे माती साठते, जेथे माती साठते तेथे उंबर आणि जांभूळ रुजतात, आणि जेथे उंबर दिसतो तेथे थांबावे हे गुराख्यालाही ठाऊक असते. लेणी खोदणाऱ्यांना घट्ट थर हवा होता आणि राहणाऱ्यांना पाणी हवे होते. अर्थात व्यापारी मार्गही जवळ हवा होता, कारण दान देणारा सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा प्रमुख, वाटेवरच भेटतो. कोंडाण्याला बोरघाट परिसरातील घाटवाटांची जवळीक आहे, तर कान्हेरीला कल्याण आणि सोपारा या बंदरांची.

विद्यार्थ्यांना घेऊन जाई तेव्हा मी त्यांना लेण्याकडे पाठ करून उभे करीत असे आणि समोर काय दिसते ते वहीत लिहायला सांगत असे. ओढा, झाडी, दूरवरची वाट, सपाट शेते. जागा का निवडली याचे उत्तर त्या वहीत आपोआप मिळे.

येऊरचा शेजारी

सर, आपण लिहिलेला तांबडा पट्टा येऊरच्या ओढ्यातही एके ठिकाणी उघडा पडलेला आहे, त्याला हात लावला की बोटे रंगतात. आमच्या आजोबांच्या पिढीतील माणसे ठाण्याहून येऊरमार्गे डोंगर ओलांडून पायीच कान्हेरीला जात आणि पलीकडे बोरिवलीला उतरत. पाटोणापाडा, जांभूळपाडा येथील वारली मंडळींना वाटेवरचे उन्हाळ्यातही न आटणारे पाण्याचे डबके नेमके ठाऊक असे, आणि ते विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. ते सगळे रान आता राष्ट्रीय उद्यानात येते. बिबट्यांचा वावर आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हा अनुभव वाचून कोणीही रविवारी मित्रांना घेऊन फाटक ओलांडू नये, ही विनंती. कान्हेरीला जायचे असेल तर बोरिवलीच्या बाजूने रीतसर जावे.

खारघरचा रहिवासी

आमच्याकडे पांडवकडा आहे, त्याच्याजवळही कातळात खोदलेली जागा आहे, आणि स्थानिक लोक ती पांडवांची मानतात. धबधबा शंभर मीटरहून उंच आहे. त्याच्या पायथ्याशी अनेकांनी जीव गमावल्यामुळे पावसाळ्यात तेथे बंदी असते. बाल्कनीतून दिसते, तेवढेच आमचे पर्यटन.

बाळकुमचा प्रवासी

लोनाडचा उल्लेख अजून कसा झाला नाही? भिवंडी आणि कल्याण यांच्या मधल्या भागात, गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची धूळ ओलांडून गेले की एका लहान टेकडीच्या पोटात हे लेणे आहे. काम अपुरे राहिलेले आहे. परंतु ओसरीच्या भिंतीवरील शिल्पपट्टात राजदरबाराचे जे दृश्य आहे ते जवळ जाऊन, शक्यतो सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे, कारण दुपारी त्यातील चेहरे सपाट दिसतात. आत आता खंडेश्वरी देवीची पूजा होते. ज्या माऊली हळदीकुंकू वाहायला येतात त्यांच्यामुळेच ही जागा झाडलोट झालेली आणि जिवंत राहिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग अभ्यासकांना शेंदराचा कितीही राग येवो. शेजारच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेव याचा 1239 सालचा शिलालेख सापडलेला आहे. म्हणजे विहार ओस पडल्यानंतरही हा भाग वाटेवरचा आणि वस्तीचा राहिला होता.

चालणे फार नाही, हे खरे आहे. ज्यांना रानवाटच हवी आहे त्यांची येथे निराशा होईल.

ऐरोलीची पाऊलखूण

रानवाटेसाठी आंबिवली. कर्जतच्या बाजूला, कोथळीगडाच्या म्हणजे पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर हे गाव आहे, आणि गावाजवळच ओढ्याच्या काठावर एकच मोठा विहार आहे. आत प्रशस्त दालन, तिन्ही बाजूंना मिळून भिक्षूंच्या बारा खोल्या आणि भिंतीलगत दगडी ओटा. किल्ल्यावर जाणारी मंडळी घाईने पुढे निघून जातात, त्यामुळे आमच्या बायकांच्या गटाला हे दालन बहुधा आमचे एकट्यांचेच मिळते. खोल्या इतक्या लहान आहेत की हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागाव्यात, तरी भर वैशाखात आत शिरले की अंगावरचा घाम निवतो. बाहेर ओढ्याच्या डोहावर करंज आणि जांभळाची सावली असते. तेथे बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि कांदा खातो, आणि डोहात कोणीही हात धुवायचे नाहीत, बाटलीत पाणी घेऊन बाजूला जाऊन धुवायचे, हा आमच्या गटाचा पक्का नियम आहे. साबणाचा फेस घेऊन आलेल्या एका तरुण टोळीला आमच्यातील एका आजींनी हा नियम ज्या शब्दांत सांगितला ते शब्द येथे लिहिण्यासारखे नाहीत.

पारसिकचा वारा

ते शब्द निरोपाने पाठवावेत. आमच्या सोसायटीत गाड्या धुणाऱ्यांसाठी उपयोगी पडतील.

मुलुंड चेकनाका

विषय थोडा वेगळा आहे, पण झऱ्यांवरून आठवले. आम्ही लहान असताना आई दर हिवाळ्यात वज्रेश्वरीला नेई, आणि देवीच्या दर्शनापेक्षा अकलोली, गणेशपुरीच्या गरम कुंडांचेच आम्हाला आकर्षण असे. तानसा नदीचे गार पाणी एका हाताला आणि वाफाळणारे कुंड दुसऱ्या हाताला, हा चमत्कार मला अजूनही पुरता पटलेला नाही. निवृत्त भूगोल सर, याचेही खडकशास्त्र सांगावे.

निवृत्त भूगोल

अकलोलीपासून खाली राजापूरपर्यंत कोकणपट्टीत अशा उन्हाळ्यांची, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांची, मोठी रांगच आहे. जमिनीतील खोल भेगांतून पाणी खूप आत उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि भेगांच्याच वाटेने परत वर येते. येथे जिवंत ज्वालामुखी आहे असे जे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. याविषयी वेगळा धागा काढावा, म्हणजे कोपरीकरांच्या टाक्यांत गरम पाणी मिसळणार नाही.

सानपाड्याची सून

सर्वांचे अनुभव कामे उरकता उरकता वाचले. माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तरी तिला कान्हेरी पाहायची फार इच्छा आहे. ती टाकी तिला दाखवता येतील का?

कोपरीकर

ताई, अवश्य दाखवता येतील. उद्यानाच्या बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत बस मिळते, चालावे लागत नाही. पायथ्यापासून थोड्या पायऱ्या चढल्या की चैत्यगृह येते, आणि खालच्या टप्प्यावरील लेण्यांपाशीही टाकी आहेत, त्यामुळे वरपर्यंत चढण्याची गरज नाही. सोमवारी बंद असते, म्हणून मधला कोणताही वार निवडावा. सकाळी लवकर निघावे, कारण दहानंतर कातळ तापतो. खाण्याची पिशवी उघडी ठेवू नये, माकडे फार धीट झाली आहेत.