होपवेलची काळी काच: एकच सफर, की पिढ्यान्‌पिढ्यांची देवाणघेवाण?

धागाकर्ता: अमेरिकेतील ओहायो राज्यात, सायोटो नदीच्या खोऱ्यात, होपवेल संस्कृतीच्या लोकांनी सुमारे १,८०० वर्षांपूर्वी रचलेल्या मातीच्या टेकाडांत ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेची, भाल्याच्या फाळांसारखी मोठी पाती सापडली. ओहायोत ही काच निसर्गतः मिळतच नाही. पुरातत्त्वज्ञ जेम्स ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तिच्यातील सूक्ष्म मूलद्रव्ये मोजून दाखवले, की बहुतेक काच २,००० किलोमीटरहून अधिक दूरच्या यलोस्टोनमधील ऑब्सिडियन क्लिफ या कड्यावरची आहे. हा साठा एकाच सफरीत आला असावा, हे ग्रिफिन यांचे मत मला पटते. माल हातोहात आला असता, तर वाटेवरच्या वस्त्यांत तो जास्त आणि शेवटी कमी सापडला असता. इथे नेमके उलटे आहे: ओहायोतल्या होपवेल नावाच्या उत्खनन-स्थळी एकाच टेकाडात पाती घडवताना उडालेल्या कपच्या सुमारे १३६ किलो निघाल्या.

प्रतिसाद: सहमत नाही. वाटेवरच्या इलिनॉय राज्यातल्या टेकाडांतही ही काच थोडी थोडी मिळाली आहे, आणि काही तुकडे आयडाहोतील बेअर गल्च या वेगळ्याच ठिकाणचे आहेत. ताज्या तुटलेल्या काचेत पाणी हळूहळू मुरते आणि त्या थराच्या जाडीवरून वय काढता येते. तशा मोजणीतून पाती निरनिराळ्या काळांत घडवली गेल्याचे निघाले. शिवाय ही काच गारेपेक्षा (चकमकीच्या दगडापेक्षा) ठिसूळ असते. घाव जरा चुकला, की पाते मधूनच तुटते. इतके रुंद, पातळ आणि बुडाशी खाचा असलेले पाते पहिल्याच खेपेच्या दगडातून साधले असेल, हे मानणे मला जड जाते.

धागाकर्ता: हाताच्या सफाईबद्दल म्हणाल, तर ओहायोतल्याच फ्लिंट रिज या ठिकाणची गार फोडणारे तिथले कारागीर आधीच तरबेज होते. पाणी मुरण्याचा वेग तापमानावर ठरतो, आणि यांतली कित्येक पाती वेदीवरच्या आगीत सापडली होती. तडकलेल्या, भाजलेल्या काचेवरून काढलेल्या वयावर मी विसंबणार नाही. बेअर गल्च यलोस्टोनपासून फार लांब नाही, तेव्हा दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात होऊ शकतात.

आणखी एक प्रतिसाद: मुळात यांना भाल्याचे फाळ म्हणणेच मला खटकते. ती इतकी पातळ आहेत की शिकारीत एका घावात मोडली असती; ती घडवली गेली ती अर्पण करण्यासाठीच. मग ती काच आणणे हीदेखील यात्रा का नसावी? यलोस्टोन नदी मिसुरीला मिळते, मिसुरी मिसिसिपीला, आणि तिथून ओहायो नदीने वर सायोटोपर्यंत होडीने येता येते. घोडा नाही, गाडी नाही, पण हा जलमार्ग होता. ज्यांना तो एकदा सापडला, ते पुन्हा कधीच गेले नाहीत, असे म्हणायला मला आधार दिसत नाही.

धागाकर्ता: यात्रा असावी, हे मान्य. परंतु पुन्हा पुन्हा गेले असते, तर तो १३६ किलोंचा ढीग एकाच टेकाडाखाली का?