गीतमालेची ४१ पहिली गाणी सलग ऐकली. 'जुनं ते सोनं' आता पटत नाही

पायदान (धागाकर्ता)

अमीन सायानी २० फेब्रुवारी २०२४ला गेले तेव्हापासून डोक्यात होतं, ते या पावसाळ्यात पुरं केलं. ते निवेदन करायचे त्या, रेडिओवर हिंदी सिनेमाची गाणी क्रमवारीने वाजवणाऱ्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत १९५३ ते १९९३ दर वर्षी जे गाणं पहिलं आलं, ती ४१ गाणी क्रम न मोडता ऐकली. रात्री जेवणं आटोपली की एक, कधी दोन. सोबतीला आई, वय ७७. तिच्या लहानपणी परळच्या चाळीत अख्ख्या मजल्यावर एकच रेडिओ होता. बुधवारी रात्री आठला त्या खोलीचं दार उघडं ठेवायचे आणि बाकीची बिऱ्हाडं गॅलरीत चटया टाकून बसायची. शॉर्टवेव्हचा आवाज मधूनच बुडायचा, परत वर यायचा. तो बुडाला की पोरांच्या पाठीत धपाटे बसायचे, जणू त्यांच्या गडबडीमुळेच बुडाला.

ज्यांनी गीतमाला ऐकलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५२मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षअखेर तिथे गीतमाला सुरू झाली. सायानी मुंबईत बोलायचे, ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जायच्या. पुढे १९८९मध्ये कार्यक्रम विविध भारतीवर आला आणि १९९४मध्ये संपला. क्रमांक ठरायचे ते दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांच्या फर्माइशी यांवरून.

आता माझं म्हणणं. 'जुनी गाणी' म्हणून आपण जे ऐकतो ते पाखडून, निवडून डब्यात भरलेलं धान्य आहे. १९६५ म्हटलं की आपल्याला 'गाइड' आठवतो. त्या वर्षीचं पहिलं गाणं मात्र 'सहेली'तलं 'जिस दिल में बसा था प्यार तेरा'. १९६९चं पहिलं 'इंतकाम'मधलं 'कैसे रहूं चुप'. १९८१ला 'उमराव जान' आला, आणि पहिलं गाणं 'मेरे अंगने में'. तेव्हाच्या लोकांचे कान आपल्यापेक्षा तयार होते आणि आता सगळा कचरा चालतो, असं म्हणणाऱ्यांनी ही ४१ गाणी आधी ऐकावीत आणि मग नातवंडांच्या गाण्यांना नावं ठेवावीत. शिवाय डब्याबाहेर राहिलेल्या या गाण्यांत ऐकण्यासारखं खूप आहे. ती कुणी ऐकतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

खमाज

साफ असहमत. पाखडण्यात गैर काय? आजी सुपात तांदूळ घ्यायची तेव्हा खडे बाजूला काढायची, ते जपून नाही ठेवायची. पन्नास-साठ वर्षांनी जे गाणं अजून गुणगुणलं जातं त्यात काहीतरी असतं म्हणूनच ते उरतं.

आणि ही यादी म्हणजे लोकांची आवड, हे तरी कुणी ठरवलं? तुम्हीच लिहिलंय: दुकानातला खप आणि श्रोता संघांची पत्रं. रेकॉर्ड घेणार तो, ज्याच्या घरी ग्रामोफोन. तुमच्या आईंच्या चाळीतल्या किती बिऱ्हाडांनी रेकॉर्ड विकत घेतल्या असतील? त्यांची आवड यादीत मोजलीच गेली नाही. १९६७ ते १९७० सलग चार वर्षं पहिलं गाणं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं आणि चारही गाण्यांत लताबाई. दोघांबद्दल मला आदर आहे, पण चार वर्षं दुसरं काहीच त्या तोडीचं झालं नाही असं कोण म्हणेल? 'प्यार किया तो डरना क्या' एकदाही वर्षाचं पहिलं गाणं झालं नाही. ज्या यादीत मदनमोहनांसारखे संगीतकार नाहीत, ती मी कशाला ऐकू?

जुनी सुई

खमाजजी, मदनमोहन आहेत. १९७७चं पहिलं गाणं 'लैला मजनू'तलं 'हुस्न हाजिर है'. मदनमोहन १४ जुलै १९७५ला गेले, सिनेमा १९७६चा. उरलेलं संगीत जयदेवांनी पुरं केलं. हयातीत जो क्रमांक त्यांना मिळाला नाही तो दुकानात पैसे मोजणाऱ्या माणसांनी ते गेल्यावर दिला.

मी रेकॉर्डी जमवतो, त्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली सांगतो. जुन्या बाजारात तबकडी उजेडात तिरकी धरली की कुठलं गाणं किती वाजलंय ते कळतं. न वाजलेल्या रेघा काळ्याभोर चमकतात, खूप वाजलेल्या राखाडी पडतात. 'लैला मजनू'ची माझ्याकडची तबकडी त्याच एका गाण्यावर पांढुरकी झालीय, बाकीच्या पट्ट्या बऱ्या आहेत. कुणीतरी सुई उचलून परत परत तिथेच ठेवली होती. ही आवड खोटी होती असं मला म्हणवत नाही.

आणि जाणकारांनी निवडलं असतं तर बरं झालं असतं, असं तुम्हाला सुचवायचं असेल तर 'पाकीझा' आठवा. १९७२च्या सिनेमांसाठी फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिक 'बेईमान'ला गेलं. 'पाकीझा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद तोवर हयातही नव्हते. ते डावलले गेले म्हणून प्राण यांनी त्याच 'बेईमान'साठी मिळालेलं स्वतःचं पारितोषिक नाकारलं. श्रोत्यांनी त्या वर्षी पहिलं कुठलं केलं? 'दम मारो दम'. आज सांगा, 'बेईमान'ची गाणी किती जणांना येतात आणि 'दम मारो दम' किती जणांना.

गिरणगाव

धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं. १९७५चं पहिलं गाणं 'रोटी कपडा और मकान'मधलं 'महंगाई मार गई'. ही लांबलचक कव्वाली आहे. त्यात साखर, पीठ, कमाई, रेशनची रांग असं सगळं येतं. प्रेमाच्या ओळी आहेत, पण शेवटी सगळं महागाईवरच येतं. असं गाणं वर्षाच्या यादीत पहिलं आलं याचा विचार करा. १९७४मध्ये महागाई २० टक्क्यांच्या वर गेली होती, मे महिन्यात रेल्वेचा संप झाला होता. त्याआधी १९७२चा दुष्काळ आपल्याकडे ज्यांनी काढला त्यांना रेशनवरची लाल ज्वारी, मिलो, अजून आठवते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. माझी आत्या त्या लाटणे मोर्चात होती. ती हे गाणं लागलं की रेडिओचा कान पिळून आवाज वाढवायची, आणि 'आटा' हा शब्द आला की रिकामा डबा वाजवायची. मग सगळी भावंडं वाजवायची.

हे गाणं कुठल्याही 'सदाबहार' संचात सहसा सापडत नाही, कारण संच करणाऱ्यांना पाऊस, चंद्र आणि विरह हवा असतो.

खमाज

जुनी सुई, मदनमोहनांबाबत माझी चूक झाली. दुरुस्तीबद्दल मनापासून आभार.

पण गिरणगाव, तुमच्या प्रतिसादाने माझंच म्हणणं पक्कं होतं. ते गाणं त्या काळाची नोंद म्हणून मोलाचं आहे, ते शाळेत शिकवा. पण संगीत म्हणून? मी गाणं ऐकतो तेव्हा मला सूर हवा असतो, अंतऱ्यात चाल कुठे वळते ते हवं असतं. प्रत्येक लोकप्रिय गोष्टीला 'समाजाचं दर्शन' म्हणून मखरात बसवायला लागलो तर चांगल्या-वाईटाचा भेद करायचाच नाही का? आज जे गाणं मोबाइलवर पंधरा सेकंद वाजून कोटींत पोचतं, त्यालाही उद्या हाच न्याय लावणार?

पायदान

हो, लावणार. पन्नास वर्षांनी कुणीतरी ऐकावं आणि ठरवावं. आज ठरवून टाकण्याची घाई नको एवढंच.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. तुमचं दोघांचंही भांडण चाल आणि शब्द यांवर चाललंय. तिसरीच गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. १९६६चं पहिलं गाणं 'बहारों फूल बरसाओ'. रफीसाहेब, हसरत, शंकर-जयकिशन ही नावं सगळ्यांना पाठ. पण शंकर-जयकिशन यांच्याकडे वर्षानुवर्षं वाद्यमेळ लिहून देणारे सेबॅस्टियन डिसोझा आमच्याकडचे. प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. इथल्या चर्चच्या शाळांत पोरांना कागदावरचं संगीत वाचायला शिकवायचे, त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत समोर पान ठेवलं की हे लोक लगेच वाजवायचे. माझे आजोबा त्यांच्यातले एक, दुसऱ्या रांगेतले व्हायोलिनवाले. कुठल्याही तबकडीवर त्यांचं नाव नाही. 'हे माझं' असं ते फक्त रेडिओ लागल्यावर म्हणायचे.

खमाजबाब, ही एक नंबरची गाणी परत ऐकाल तेव्हा गायकाचा आवाज थांबतो तिथे कान द्या. जे गाणं चालेल असं वाटायचं त्यासाठी निर्माता जास्त पैसे मोजायचा, म्हणून वादकही जास्त असायचे. हलक्या मानल्या गेलेल्या गाण्यातसुद्धा वीस-तीस व्हायोलिनं एका श्वासात चढतात. ते काम हलकं नव्हतं.

पडवी

१९८७, 'चिट्ठी आई है'. मी तेव्हा कुवेतला होतो, खोलीत आठ जण, सहा रत्नागिरी-रायगडचे. कॅसेट एकच आणि ती लावायला बंदी होती, कारण एकदा लागली की रात्रीचं जेवण तसंच राहायचं. खमाज म्हणतात तसा सूर वगैरे मी तपासला नाही. एवढंच सांगायला आलो.

रानजाई

इतका वेळ वाचत होते. सगळ्यांनी १९८७पर्यंत यादी आणली आणि थांबलात. १९९३चं पहिलं गाणं कुठलं ते कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. 'चोली के पीछे'.

मी तेव्हा आठवीत होते. शाळेच्या वाटेवर पानाच्या टपरीजवळ पोरं उभी असायची. आम्ही दिसलो की तो मुखडा सुरू. पूर्ण गायचेच नाहीत, पहिला प्रश्न विचारून थांबायचे आणि हसायचे. मी आणि माझी मैत्रीण वर्षभर मागच्या चिखलाच्या वाटेने गेलो. अलका याज्ञिक आणि इला अरुण यांनी ते उत्तम गायलंय, मूळ लोकगीताचा बाज आहे, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, हे सगळं मला नंतर कळलं. गाणं बंद पाडा असं माझं म्हणणं नाही. पण 'सगळी पहिली गाणी परत ऐकावीत' हे सरसकट म्हणताना, ते गाणं कुणाला ऐकावं लागलं होतं हेही विचारा. दादा, तुम्ही 'मेरे अंगने में' लिहिलंत. त्यात लंबी, मोटी, काली, छोटी अशा बायकांची यादी आहे. आमच्याकडे हळदीला ते अजून लावतात आणि ज्या बायकोची ओळ येते तिच्याकडे बोट दाखवतात. माझ्या काळ्या मावशीकडे मी ते बोट जाताना पाहिलंय.

खमाजांच्या सुपाला माझा पाठिंबा आहे. काही गाणी सुपातून पडली तर पडू देत.

गिरणगाव

ताई, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. तरी एक विचारतो. ते गाणं यादीतून काढलं तर १९९३मध्ये रस्त्यावर काय चाललं होतं हे तुमच्या मुलीला कशावरून कळणार?

रानजाई

मी सांगेन तिला. त्यासाठी गाणं लावायची गरज नाही.

खमाज

दोन दिवस इकडे आलो नाही, कारण मांडवीकाठ यांनी सांगितलं तसं करत होतो. सगळी ४१ ऐकली नाहीत, अकरा ऐकली. १९५७ला थांबलो. त्या वर्षी 'प्यासा', 'नया दौर', 'मदर इंडिया' असे सिनेमे आले, आणि पहिलं गाणं 'जनम जनम के फेरे'तलं 'जरा सामने तो आओ छलिये'. पौराणिक सिनेमांसाठी ओळखले जाणारे एस. एन. त्रिपाठी संगीतकार. हे नाव मी कधीही माझ्या मोठ्या संगीतकारांत धरलं नव्हतं. शिवरंजनी रागात बांधलेलं गाणं आहे आणि लताबाई-रफी सवाल-जबाब करावा तसं गातात. मी ते सलग चार वेळा ऐकलं. पन्नासच्या दशकाचे माझे तीन संच आहेत, स्वतः केलेले, त्यांत हे नाही. घातलं.

रेकॉर्डच्या खपावरून गाण्याची प्रत ठरत नाही, हे मत तसंच आहे. 'कैसे रहूं चुप' पूर्ण ऐकवलं नाही.

पायदान

खमाजजी, १९५७ला आई नऊ वर्षांची होती. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर तिने ते गाणं दोन्ही अंतऱ्यांसकट म्हटलं. १९६५चं 'जिस दिल में'सुद्धा तिला पूर्ण येतं, मेथी निवडता निवडता म्हणते. आमच्या घरात ते आणखी कुणाला माहीत नव्हतं.

रानजाईताई, तुमचाही प्रतिसाद तिला वाचून दाखवला. ४१ गाण्यांपैकी ४० तिने माझ्याबरोबर ऐकली. शेवटचं, १९९३चं, मी लावलं तेव्हा ती उठून ओटा पुसायला गेली होती. ओटा आधीच पुसलेला होता. मी तेव्हा काही विचारलं नाही. काल विचारलं. ती म्हणाली, तुझी बहीण त्या वर्षी दोन महिने क्लासला गेली नव्हती, पोट दुखतं म्हणायची. तुला कुठे ठाऊक असणार.

बहिणीला फोन लावलाय, अजून उचललेला नाही.