कोयनेचा हिशेब मिटल्याशिवाय सह्याद्रीत नवे उदंचन प्रकल्प नकोत

तराफ्यावरचा (धागाकर्ता)

सध्या सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे. डोंगरावर एक तळं, पायथ्याला दुसरं. दुपारी सौर वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. माझं म्हणणं एवढंच, की कोयनेचा हिशेब मिटेपर्यंत या डोंगरात नव्याला परवानगी नको.

आमचं मूळ गाव शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बुडालेलं आहे. धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. म्हणजे गावं उठली तेव्हा कुणाला काय द्यायचं हे मर्जीवर. आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन दाखवली. नाचणी-वरीचा माणूस, त्या काळ्या रानात काय करणार? एक उन्हाळा काढला आणि परत येऊन पाण्याच्या वरच्या अंगाला खोपट बांधलं. कागदावर आम्ही 'पुनर्वसित'. त्यात संकलन यादीत, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी यादीत, आजोबांच्या नावातला एक काना राहून गेला. त्या कान्यापायी वडिलांनी वीस वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले.

आणि अजून पलीकडच्या तीरावर अडलेली बाई असेल तर लाँच गाठायची. तराफ्यावर जीप चढवताना फळी हलते, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा दाराची कडी काढून बसतो.

जुना जनित्रवाला

भाऊ, तुमच्या कान्याचं दुःख खरं आहे, पण त्यावरून प्रकल्पच नको हे पटत नाही. आयुष्य जलविद्युत केंद्रात गेलं माझं. कोयना १९६० मेगावॅटची आहे, पण तिची खरी किंमत मेगावॅटमध्ये नाही. औष्णिक संच थंड पडला की पुन्हा चालू करायला तास न् तास जातात. आमचं जनित्र काही मिनिटांत भार उचलतं. संध्याकाळी सात वाजता सगळा महाराष्ट्र एकदम बटणं दाबतो, तेव्हा हेच पाणी धावतं. हे नको म्हणालात तर चंद्रपूरला आणखी कोळसा जाळा. तिथेही माणसंच राहतात, आणि राख तीच खातात.

शिवाय उदंचन म्हणजे कोयना नव्हे. तळी लहान. एकदा भरली की तेच पाणी वर-खाली फिरतं, बाष्पीभवनापुरती भर घालायची. शंभर गावं बुडत नाहीत.

दुष्काळी पट्टा

काका, तुम्ही पाणी पश्चिमेला टाकता त्याचं बोला की! कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी, कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेल्या मर्यादेत का होईना, ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) दरवर्षी घाटाखाली जातं. वीज झाली की ते अवजल, म्हंजे वापरून उरलेलं पाणी, वाशिष्ठी नदीतून समुद्राला. इकडं आटपाडी-जतकडं मार्च उजाडला की टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या आवर्तनाकडं डोळे. धरणाच्या पायथ्याला पण वीजघर हाय ना? तिथनं सोडा, वीजबी होईल आणि शेतीबी.

जुना जनित्रवाला

होते, पण किती? घाटाखाली पोफळीच्या आणि पुढे अलोऱ्याच्या वीजघरात मिळून पाणी जवळपास सहाशे मीटर पडतं. एका टीएमसीतून ढोबळमानाने चार कोटी युनिट निघतात. पायथ्याशी त्याच पाण्यातून याचा सातवा-आठवा हिस्सा मिळाला तर मिळाला. आणि टेंभूला तेच पाणी पुन्हा पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचं, ती वीज कुठून आणणार?

दुष्काळी पट्टा

म्हंजे मुंबईचा एसी चालला पायजे, आमची बाग वाळली तरी चालंल. बरं.

वाशिष्ठीकाठची

दोघेही आमच्या अंगणातून भांडताय म्हणून लिहिते. मी चिपळूणची. कोयनेच्या पाण्यामुळे आमची नदी भर मे महिन्यातही वाहते, हे मी नाकारणार नाही. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी तळ गाठतात तेव्हा आम्हाला त्याची किंमत कळते. पण २२ जुलै २०२१ ची पहाटही आमचीच. वरून प्रचंड पाऊस, खाली भरती, आणि पोफळीखालच्या कोळकेवाडी धरणातून किती पाणी सुटलं यावर अजून वाद आहे. तज्ज्ञ म्हणतात पुराचं मुख्य कारण पाऊसच. असेल. पण माझ्या दुकानातल्या फळीवर चिखलाची रेघ छताच्या चार बोटं खाली आहे, मी ती पुसलेली नाही. मला पाणी बंद नको, सुटण्याआधी फोन हवा. पाणी आधी, सूचना नंतर, असं नको.

त्याच आठवड्यात घाटावर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे दरडीखाली गेले. त्या डोंगरात आता नवे बोगदे खणायचे म्हणताय?

कराडचा मास्तर

भूकंपाचं कुणीच काढलं नाही, आश्चर्य! ११ डिसेंबर १९६७, पहाटे. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्याआधी दख्खनचा खडक म्हणजे भूकंपमुक्त असं मानत. आज जगभर जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. आमच्या कराडजवळ हजारमाचीला याच अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून झालंय. मात्र 'धरण म्हणजे भूकंप' असंही कुणी म्हणू नये. खाली मुळात भेग असावी लागते, पाणी तिला फक्त ढोसतं. बहुतेक धरणांखाली असं काही झालं नाही.

तराफ्यावरचा

काका, तळी लहान हे मान्य. पण वरचं तळं कुठे होणार? सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर. जांभ्याच्या सड्याला सरकारी नकाशात पडीक म्हणतात. पावसाळ्यात येऊन बघा, बोटभर मातीवर काय काय फुलतं ते. कोयनेचं जंगल अभयारण्य झालं, व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. आम्हाला त्यासाठी पुन्हा उठा म्हणाले. लाकडाची मोळी आणली तरी गुन्हा. आणि आता शेजारच्याच डोंगराला सुरुंग लावायचा तर तो विकास!

शिवाय उदंचन वीज तयार करत नाही, साठवते. शंभर युनिट घालून पंचाहत्तर-ऐंशी परत. हे जाहिरातीत नसतं.

जुना जनित्रवाला

बॅटरीतही घट होतेच, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती फेकावी लागते. साठवण नसेल तर दुपारची सौर वीज वाया जाते, हे तरी माना. सड्याचं मात्र मला माहीत नव्हतं, आम्ही खालच्या बोगद्यातली माणसं.

बाकी, संकलन यादी सोडा, भूसंपादनाच्या मूळ निवाड्याची नक्कल काढलीत का? अभिलेख कक्षात मिळते.

तराफ्यावरचा

काढली. निवाड्यात काना आहे. सोमवारी ती घेऊन पुन्हा जातोय. तराफा सकाळी लवकर सुटला तर.