अनुभव धागा: धक्क्यावर उतरलात, पुढे कसे गेलात?

येत्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन अंदमानला जायचं आहे. बाबा ७४ वर्षांचे, आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिकिटं झाली, हॉटेलं झाली. परवा जेवताना बाबांनी विचारलं, "बोटीतून उतरल्यावर हॉटेलपर्यंत काय असतं गं? रिक्षा मिळते का?" मला उत्तर देता आलं नाही. आपण बडोद्याची माणसं. स्टेशनबाहेर आलं की रिक्षा थेट ओट्याशी आणून सोडते. बेटावर काय होतं?

म्हणून हा धागा. छोट्या बेटांवर तुम्ही हिंडलात कसे, तेवढंच सांगा. होडी, सायकल, स्कूटर, पायी, काहीही. कुठे अडकलात, कोणी हात दिला, काय आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. अंदमानच हवं असं नाही. वर बडोद्यातल्या आपल्या भागाचं नाव टाका.

दांडिया बाजारातून

ताई, बाबांना आधी सांगून टाका, रिक्षा मिळते. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचं नाव २०१८ साली स्वराज द्वीप झालं, पण बोलताना अजून सगळे हॅवलॉकच म्हणतात. धक्क्याच्या फाटकाबाहेर रिक्षा आणि गाड्या उभ्या असतात. तिथे गावं नंबरांनी ओळखतात. एक नंबरला धक्का, तीन नंबरला बाजार, पाच नंबरच्या बाजूला बरीच हॉटेलं आणि सात नंबरला राधानगरचा किनारा. तुमचं हॉटेल कुठल्या नंबरला आहे ते आजच फोन करून विचारा, म्हणजे भाडं ठरवताना अंदाज राहील. धक्क्यापासून राधानगर १२ किलोमीटरच्या आसपास आहे.

आम्ही स्कूटर घेतली होती. सूर्यास्त बघायला राधानगरला गेलो आणि आपल्या सवयीने निवांत बसून राहिलो. घड्याळ आपलंच, पण ते बेट बडोद्याच्या जवळजवळ २० रेखांश पूर्वेला. जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि मग अंधार झपाट्याने येतो. परतीचा रस्ता झाडीतला, वळणांचा, आणि आमच्या स्कूटरचा दिवा मिणमिणता. एक बंगाली रिक्षावाले काका मागून येत होते. ते पुढे गेलेच नाहीत. तीन नंबरच्या बाजारापर्यंत आपल्या दिव्याचा उजेड आमच्या रस्त्यावर टाकत मागे राहिले. पैसे द्यायला थांबलो तर हात हलवून वळले. तुम्ही मात्र जाऊन-येऊन रिक्षाच ठरवा, ती थांबून राहते.

वाडीतून

अंदमानातल्याच नील बेटाबद्दल सांगतो, म्हणजे आताचं शहीद द्वीप. हॅवलॉकहून बरंच लहान आणि सपाट. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी गावांची नावं. आईला नावं ऐकूनच बरं वाटेल! भरतपूरचा किनारा धक्क्याला लागूनच आहे, बोटीतून उतरून चालत जाता येतं. मी तिथे दोन दिवस सायकलवरच होतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान आहे, सगळे बघायला जातात. तिथे ओहोटीलाच पोचता येतं. आपण विश्वामित्री नदीकाठची माणसं, भरती-ओहोटीचा हिशोब आपल्या अंगात नसतो. मी दुपारी दोनला गेलो तेव्हा पाणी चढलेलं होतं. शेंगदाणे विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "कल सुबह आना." दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर काल जिथे पाणी होतं तिथे मेलेल्या प्रवाळाचे खडबडीत दगड आणि मधल्या डबक्यांत निळे मासे. त्या दगडांवरून चालावं लागतं आणि ते निसरडे असतात. गुडघ्याच्या माणसाला तिथे नेऊ नका. आईंना भरतपूरला सावलीत बसवा आणि तुम्ही एकट्या जाऊन या. वेळ मात्र हॉटेलवाल्याला विचारूनच ठरवा, ओहोटी रोज सरकते.

रावपुऱ्यातून

अगं, मी ६६ व्या वर्षी लक्षद्वीपला जाऊन आले, म्हणून लिहिते आहे.

परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे कागद दोन महिने आधीच सुरू केले. बडोद्याहून ओखा-एर्नाकुलम गाडीने कोचीन, आणि पुढे जहाज. आमची सहल जहाजातलीच होती. रात्री जहाज चालायचं, दिवसा एकेक बेट: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. सोबत आपला बडोद्याचा लिलो चिवडा नेला होता, तो गाडीत पहिल्याच रात्री सगळ्या डब्यात फिरून संपला.

मला कोणी सांगितलं नव्हतं ते हे. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेर खोल पाण्यातच थांबतं. तिथून लहान होडीत उतरायचं. जहाजाच्या पोटात एक दार उघडतं आणि खाली होडी. ती क्षणात आपल्या पायाशी येते, क्षणात हातभर खाली जाते. माझे पाय थिजले. मागे रांग. दारात उभा असलेला खलाशी म्हणाला, "अम्मा, नीचे मत देखो, मुझे देखो." मी त्याची बोटं धरायला गेले, तर त्याने माझा हात सोडवला, माझं मनगट पकडलं आणि मला त्याचं मनगट पकडायला लावलं. बोटं सुटतात, मनगट सुटत नाही. होडी वर आली तसा तो "अभी" म्हणाला आणि मी पाय टाकला. खालच्या खलाशाने दुसरं मनगट धरलंच होतं. होडी खाली जात असताना पाऊल टाकायचं नाही, वर येऊन थबकते तेव्हाच टाकायचं. मोठी पर्स खांद्याला नको, दोन्ही हात मोकळे हवेत. साडी तर नकोच, मी पंजाबी ड्रेस घातला म्हणून निभावलं.

मिनिकॉयला १८८५ सालचा दीपस्तंभ आहे. मी वर चढले नाही, खाली बसून राहिले, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. चार दिवसांत बारा वेळा तरी होडीत चढ-उतर केली. शेवटच्या दिवशी माझ्या मागे घाबरलेल्या एका गुजराती बहेनला मीच मनगट धरायला शिकवलं.

अलकापुरीतून

मालदीवला आम्ही शुक्रवारी उतरलो. आमच्या बेटाची स्वस्त सार्वजनिक फेरी शुक्रवारी बंद होती, हे तिथे गेल्यावर कळलं. स्पीडबोटीला बरेच जास्त पैसे गेले. महागड्या बेटांवर समुद्री विमानाने जाणार असाल, तर ती विमानं दिवसाउजेडीच उडतात. संध्याकाळी पोचणाऱ्याला एक रात्र विमानतळाजवळच काढावी लागते. आमच्या साध्या बेटावर हॉटेलचा मुलगा धक्क्यावर हातगाडी घेऊन आला. बॅगा गाडीवर आणि आम्ही त्याच्या मागून चालत. आठ मिनिटांत हॉटेल.

निझामपुऱ्यातून

अंदमानात परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री हॅवलॉकला राहू नका. पोर्ट ब्लेअरलाच, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला या. समुद्र खवळला म्हणून आमची बोट रद्द झाली, त्याच दिवशीचं विमान हुकलं आणि चौघांची तिकिटं नव्याने काढावी लागली. समुद्रावर कोणाचा इलाज नाही. पण ती एक रात्र आपल्या हातात होती.

मांडवीतून

माझा अनुभव जवळच्याच बेटाचा. बेट द्वारका. ओखामंडळ पूर्वी बडोदे संस्थानात होतं, त्यामुळे आमच्या घरात ओख्याला जाणं म्हणजे जणू आपल्याच मुलखात जाणं. लहानपणी ओख्याहून लाँचने जायचो. काठावर दाटीने बसायचं, गाठिया उडवायचे, समुद्रपक्षी हवेतच झेलायचे. आई आमच्या कमरेला पदर बांधून धरायची.

पुढे आईला लाँचमध्ये पाय टाकवेना. शेवटच्या दोन वेळा ती ओख्याच्या धक्क्यावरूनच हात जोडून परतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाला आणि मार्चमध्ये मी तिला गाडीने नेलं. पूल सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब. तिने काच खाली करायला लावली. मधोमध आल्यावर म्हणाली, "लाँच कुठे आहेत रे?" मी खाली दाखवल्या. ती पूल संपेपर्यंत त्यांच्याकडेच बघत होती.

धागा काढणारी

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईबाबांना एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. हॉटेलला फोन केला, ते पाच नंबरलाच निघालं. शेवटची हॅवलॉकची रात्र रद्द करून पोर्ट ब्लेअरला घेतली. नीलची कमान मी एकटी बघेन.

आज सकाळी खाली आले तर दोघं ओट्यावर उभे. बाबा खालच्या पायरीवर, आई वरच्या. तिने त्यांचं मनगट धरलेलं, त्यांनी तिचं. बाबा "अभी" म्हणाले की ती पाय खाली टाकत होती. रावपुऱ्याच्या काकू, एकच विचारायचं राहिलं: ऑपरेशन झालेला पाय आधी टाकायचा की दुसरा?